अनिस शेखचे गुरुवार

चाकणच्या ज्या कंपनीत अनिस शेख मेंटेनन्सला आहे, तिथं गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग बनतात. दाराची हँडलं, डॅशबोर्डची झाकणं, असं काय काय. मशीन दुरुस्त झालं म्हणून तिथं लगेच माल काढत नाहीत, आधी ट्रायल घेतात. पहिले काही नग सरळ भंगारात जातात. मग कुणीतरी एक नग उजेडात धरतो, उलटसुलट बघतो, मान हलवतो, आणि त्यानंतर खरं काम सुरू होतं. हे वर्षानुवर्षं करून अनिसच्या अंगात ट्रायल इतकी भिनली होती की तो लग्नाच्या वरातीसाठी घोडं ठरवायला गेला तेव्हासुद्धा आधी स्वतः बसून एक चक्कर मारून आला होता.

चिखलीतला फ्लॅट घेताना त्यानं एजंटला असंच छळलं. एजंटाचं नाव बंटी. पाणी सकाळी सहाला येतं असं बंटी बोलून गेला, तर दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला अनिस खाली हजर. बंटी डोळे चोळत चावी घेऊन आला.

"भावा, भाड्यानं घेतोयस का विकत?"

"राहायचं तर आहे ना?" अनिस म्हणाला आणि स्वयंपाकघरातला नळ सोडून त्याखाली बोट धरून उभा राहिला.

एवढी काळजी घ्यायला कारण होतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्याची बायको रुक्साना उदगीरला होती आणि तो इथं चार जणांच्या खोलीत कॉट बेसिसवर, एका खाटेपुरतं भाडं भरून. उदगीरला रुक्साना आणि तिची अम्मी रहिमाबी मिळून शिवणक्लास चालवायच्या. क्लास चांगला चालला होता. मुली यायच्या, सणासुदीला ब्लाउजांचा ढीग पडायचा. ते सोडून ती आली, पण येताना साफ बोलून आली. घरात दोघं दखनीतच बोलत. पण रुक्साना बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आणि रागाची किंवा महत्त्वाची बोलणी ती मराठीत करायची. म्हणून मराठी सुरू झाली की अनिस सावरून बसायचा.

"अकरा महिन्यांचा करार केलाय ना तुम्ही? तेवढे दिवस मी राहून बघते. करमलं तर राहीन. नाही करमलं तर अम्मीकडं जाईन, तुम्ही सुट्टीला येत जा. आत्ताच सांगते, मागनं रडारड नको."

दिवाळीनंतर करार सुरू झाला. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास संपणार होता.

आता करमायचं कसं? चिखलीत चाळीवजा इमारती, मधूनमधून नवे टॉवर, खाली पत्र्याच्या शेडमध्ये लहान लहान वर्कशॉप. दिवसभर ग्राइंडरचा आवाज. या सगळ्या पट्ट्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. गुरुवारी शटर खाली येतात आणि सकाळी जाग येते ती शांततेनं. अशा सुरुवातीच्याच एका गुरुवारी अनिस रुक्सानाला आळंदीला घेऊन गेला. कंपनीतलं कुणीतरी म्हणालं होतं, नदीचा घाट छान आहे, संध्याकाळी बसायला बरं वाटतं. त्या दिवशी कार्तिकी एकादशी आहे हे काही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. घाट राहिला दूर, पुलापर्यंतच पोचता येईना. माणसावर माणूस. त्या रेटारेटीत रुक्सानाची एक चप्पल गेली ती गेलीच. परतीची रिक्षा मिळायला इतकं चालावं लागलं की घरी आल्यावर ती पाय गरम पाण्यात घालून बसली. मग अम्मीला फोन लावला. आतल्या खोलीतून अनिसला तेवढंच ऐकू आलं: "अगं कसली गर्दी, कसले हाल!"

त्यानं मनाशी ठरवलं, आता ट्रायलशिवाय कुठं न्यायचं नाही.

त्याची पहिली शिफ्ट दुपारी तीन-साडेतीनला सुटायची. त्याच्याच खात्यातल्या धम्मरत्नकडून त्यानं जुनी स्कूटर विकत घेतली होती. आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी तो रुक्सानाला फोन करायचा, "आज ओव्हरटाइम आहे गं," आणि स्कूटर वळवायचा दुसरीकडे. तळेगावच्या तळ्यावर गेला तेव्हा त्यानं काठानं पूर्ण चक्कर मारली, चार वाजता सावली कुठल्या बाजूला पडते ते पाहिलं, तीन टपऱ्यांचा चहा पिऊन बघितला आणि त्यातला एक ठरवला. चाकणच्या जुन्या किल्ल्यात गेला तर तटाच्या कडेला कुत्री होती. ती अंगावर येतात का हे बघायला तो मुद्दाम त्यांच्या जवळून गेला. बायकांसाठी बरं स्वच्छतागृह कुठं आहे हे विचारताना लोक त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघायचे, पण त्याचं काही वाटून घेण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. जी जागा पास व्हायची तिथं गुरुवारी रुक्सानाला न्यायचं. नापास झालेल्या जागांचं नावही काढायचं नाही.

आणि गुरुवार खरोखरच छान जाऊ लागले. रुक्साना सकाळी उठून खिमा-पोळीचा, नाहीतर नुसत्या पिठलं-भाकरीचा डबा करायची. गुरुवारी सगळीकडे जागा मोकळ्या. बाकीच्या जगाची सुट्टी रविवारी, त्यामुळे तळ्याकाठच्या बाकावर दोघंच. अनिस भोळा चेहरा करून म्हणायचा, "इकडं जाऊन बघू या का? काय आहे कुणास ठाऊक," आणि तिला बरोबर सावलीच्या दगडाशी नेऊन उभं करायचा.

"तुम्हाला कसं हो नेमकं सापडतं?" ती विचारायची.

"अंदाज."

ती हसायची. अम्मीला फोनवर सांगायची, आज हे पाहिलं, आज ते पाहिलं. अनिसला वाटायचं, मशीन लागलं. आता फक्त चालू ठेवायचं.

पावसाळा सरता सरता धम्मरत्ननं घोरावडेश्वरचं नाव काढलं. तळेगावच्या अलीकडं डोंगर आहे, वर बुद्धलेणी आहेत. "आमच्या आईला नेलं होतं मी, चढली ती. वहिनी तर उड्या मारत चढतील. वारा काय सुटतो राव तिथं!" सोमवारी अनिसनं ओव्हरटाइम लावला आणि तो डोंगर दोनदा चढला. एकदा भरभर, एकदा रुक्सानाच्या चालीनं.

गुरुवारी दोघं तिथं पोचली. पायथ्याशी काकड्या, पेरू आणि ताक घेऊन एक म्हातारी बसायची, सुभद्राबाई. अनिसला पाहताच तिनं तोंडभर हसून हाक मारली.

"आलास का रं बाबा! आन् ही सूनबाई व्हय?"

अनिसनं डोळ्यांनी काहीतरी खूण करायचा प्रयत्न केला, पण सुभद्राबाई रुक्सानाकडे बघत होती.

"सोमवारी यकटाच आल्ता बाई. वर गेला, खाली आला, पुन्यांदा वर गेला. म्या म्हनलं, आरं येडा का खुळा? तर म्हनला, मावशी, बायकूला घिऊन यायचंय, तिला बसाय सावली कुठं हाय ते बघतुया. लई जीव हाय गं ह्याचा तुज्यावर. असा नवरा मिळाया नशीब लागतं. काकडी दिऊ का?"

"द्या," रुक्साना म्हणाली. तिनं काकडी घेतली, पैसे दिले आणि चढायला लागली.

ती मागं न बघता पुढं चालली होती. अनिस मागून येत होता. त्याला वाटत होतं, बरंच झालं, कधीतरी कळायचंच होतं. एवढं आपण तिच्यासाठी केलं हे तिला आता कळलं. वर लेण्यांपाशी तो नेहमीच्या सवयीनं डावीकडच्या दगडाकडे निघाला. रुक्साना उजवीकडे उन्हात जाऊन बसली. खाली जुना हायवे दिसत होता, रुळांवरून एक लोकल तळेगावकडे चालली होती.

"सोमवारी ओव्हरटाइम होता ना?"

मराठी. अनिस समोर येऊन बसला.

"नव्हता. ट्रायल घेतली," तो म्हणाला, आणि थोडं कौतुकानंच म्हणाला.

"तळेगावची?"

"घेतली होती. तीन टपऱ्यांचा चहा पिऊन त्यातला एक ठरवला होता."

"किल्ल्याची?"

"तिथली कुत्री पण बघून आलो होतो आधी."

"आणि प्रत्येक वेळी मला सांगितलंत ओव्हरटाइम."

"सरप्राइज राहावं म्हणून गं. तुला बरं वाटावं म्हणून. आळंदीसारखं परत व्हायला नको म्हणून सगळ्या जागा आधी बघून घेतल्या. फक्त आळंदीच तेवढी राहिली होती."

रुक्सानानं काकडी मोडली, पण खाल्ली नाही.

"म्हणजे आपण दोघं बरोबर गेलो ते फक्त आळंदीला."

अनिस खालचा एक खडा उचलून बोटांत फिरवू लागला.

"तिथं माझी चप्पल गेली तेव्हा तुम्ही तुमची काढून मला दिलीत. दहा नंबरची. ती फटक-फटक वाजवत मी रस्त्यानं आले आणि तुम्ही अनवाणी. अम्मीला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. त्यानंतरच्या सगळ्या ठिकाणी तुम्ही पाहुण्यासारखं मला दाखवत फिरलात. मला वाटायचं, दोघांना मिळून सापडलं. तुम्हाला तर आधीच सापडलेलं असायचं."

"पण जागा चांगल्या होत्या की नाही?"

"होत्या. म्हणूनच राग येतोय." तिनं काकडी बाजूला ठेवली. "मी आठवडाभर त्या खोलीत काय करते, माहिती आहे? चार वाजता जिन्यात पाय वाजला की दार उघडते. वरच्या मजल्यावरचा असतो. पुन्हा वाजला की पुन्हा उघडते. मग तुमचा फोन येतो, ओव्हरटाइम. मी म्हणते, बिचारा राबतोय. आणि तुम्ही तळ्यावर तीन-तीन टपऱ्यांचा चहा पिताय! मला फिरायला जागा नव्हती म्हणून करमत नव्हतं का? माणूस नव्हतं म्हणून करमत नव्हतं."

घरी परत येताना स्कूटरवर ती मागची कडी धरून बसली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बंटीचा फोन आला. करार संपत आलाय, रिन्यू करायचा का, नाहीतर मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. अनिस म्हणाला, विचारून सांगतो. त्याच संध्याकाळी रुक्साना अम्मीशी बोलत होती, दसऱ्याची किती कापडं आली, क्लासला नवीन मुली किती. अनिसनं ते ऐकलं आणि कपाटातला करार काढून शेवटची तारीख पुन्हा बघितली.

कँटीनमध्ये त्यानं धम्मरत्नला सगळं सांगितलं. धम्मरत्न आधी पोटभर हसला.

"भावा, काही बिघडायच्या आधीच तू बायकोचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स करायला गेलास!"

"हसू नको राव. दसऱ्याला ती जाईल."

"मग सांगायचं ना तिला, चल, बघू काय होतंय ते."

"आणि वाईट निघालं असतं तर?"

"तर निघालं असतं. मी आमच्या हिला, आम्रपालीला, दर वेळी रस्ता चुकवून नेतो. दर वेळी शिव्या खातो. एकदा लोणावळ्याला म्हणून निघालो आणि कुठल्यातरी पोल्ट्रीत पोचलो. पण ती गोष्ट तिनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलीय. बरोबर पोचलो ते एकालाही नाही."

अनिसला हे पटलं असं नाही. वाईट निघू शकतं हे माहीत असताना माणूस तसाच कसा निघतो, हे त्याला अजूनही कळत नव्हतं. पण त्यानं एक केलं. त्या आठवड्यात तो रोज साडेतीनला सुटून सरळ घरी आला. पहिल्या दिवशी रुक्सानानं दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज ओव्हरटाइम नाही?" दुसऱ्या दिवशी दार उघडून सरळ चहा टाकायला आत गेली. तिसऱ्या दिवशी दोघं खाली जाऊन मैदा आणि बटणं घेऊन आली.

गुरुवारी सकाळी तिनं डबा भरला. अनिस कुठं जायचं हे विचारणार, एवढ्यात तीच म्हणाली, "आज मी सांगते."

"कुठं?"

"मला पण माहीत नाही. तुम्ही चालवा, मी मागून सांगीन डावीकडं की उजवीकडं. आणि तो मोबाइल डिकीत टाका."

अनिसनं सवयीनं नकाशा उघडला होता. पण मोबाइल डिकीत गेला. ती खांद्यावर टिचकी मारून वळणं सांगत गेली. डावीकडं. सरळ. आता उजवीकडं. मोशीचा पूल ओलांडला, इंद्रायणी मागे राहिली. रस्ता रुंद झाला, दोन्हीकडे निळ्या पत्र्याच्या शेड, लांबलचक कंपाउंडच्या भिंती. हा रस्ता अनिसला चांगला माहीत होता. ती स्वतःच्या अंदाजानं त्याला चाकण एमआयडीसीत घेऊन आली होती.

"अगं, इथं काय आहे बघायला? इथं कंपन्याच आहेत सगळ्या."

"तुमची कुठली?"

"पुढं, तो हिरवा गेट. पण बंद आहे आज."

"दाखवा."

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं अनिसला ओळखून सलाम केला. "शेखसाहेब, आज पण ड्युटी?" रुक्साना गेटातून आत वाकून बघत राहिली. बंद शेड, रांगेत लावलेल्या रिकाम्या ट्रॉल्या, कँटीनच्या खिडकीत सुकत घातलेली फडकी. "रोज इथं येता होय," ती स्वतःशीच म्हणाली.

एरवी या रस्त्यावर कंटेनर, बसगाड्या, शिफ्ट सुटल्यावरची दुचाकींची झुंबड. गुरुवारी मात्र रस्ता रिकामा, आणि म्हणून आजूबाजूची माणसं इथं गाडी शिकायला येतात. एक काका पत्नीला कार शिकवत होते आणि कारपेक्षा जोरात स्वतःच ओरडत होते. एक मुलगी मोपेड घेऊन गोल गोल फिरत होती. रुक्साना ते बघत थोडा वेळ उभी राहिली.

"चावी द्या."

"तुला येते?"

"उदगीरला भावाची गाडी अंगणात चालवलीय."

"अंगणात! थांब मग, आधी ब्रेक बघू दे. मागच्या चाकात हवा..."

ती नुसती बघत राहिली. अनिस बोलायचा थांबला. त्यानं आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर घातलं, पट्टा लावला, आणि चावी दिली.

पहिल्यांदा गाडी उसळून बंद पडली. दुसऱ्यांदा ती भिंतीकडे गेली आणि रुक्सानानं दोन्ही पाय टेकवले. काकांच्या पत्नीनं कारमधून ओरडून सांगितलं, "घाबरू नका, मी तर काल विजेच्या खांबाला लावली!" तिसऱ्यांदा गाडी सरळ निघाली. अनिस बाजूनं पळत होता, मग मागून पळत होता, मग नुसता उभा राहिला. ती रस्त्याच्या टोकाला पोचली. तिथून वळून परत येईल असं त्याला वाटलं. पण ती कोपऱ्यावर डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

अनिस तिथंच थांबला. मोबाइल डिकीत होता, डिकी तिच्याबरोबर गेली होती. गाडीचा आवाज आला की तो मान वर करायचा. एकदा काकांची कार होती, एकदा दूधवाला. कोपऱ्यापलीकडचा रस्ता कसा आहे हे त्याला आठवेना. इतकी वर्षं तो गेटातून आत जात होता आणि गेटातून बाहेर पडत होता, तिकडे कधी वळलाच नव्हता. काही क्षण त्याला वाटलं, ती पडली असेल. मग वाटलं, आपल्याला यातलं काहीच माहीत नाही, आणि आता माहीत करून घ्यायची काही सोयही नाही. तो उन्हात उभा राहिला.

रुक्साना आली ती उलट्या बाजूनं, हिरव्या गेटाच्या पलीकडून. चेहरा लाल झालेला, हेल्मेट तिरकं.

"अहो, मागच्या बाजूला विहीर आहे!"

"कसली विहीर?"

"मोठी, दगडी. उतरायला पायऱ्या आहेत. वर चिंचेचं झाड आहे एवढं मोठं. तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही गं."

तिनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, मग गाडीवर थोडी पुढं सरकली. "बसा मागं."

मागं बसायची अनिसला सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना, शेवटी त्यानं डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. विहिरीचं पाणी हिरवट होतं, पायऱ्यांवर कुणीतरी टाकलेल्या पिशव्या होत्या आणि चिंचेखाली मुंग्यांचं वारूळ. ट्रायलमध्ये ही जागा नक्की नापास झाली असती. दोघांनी जागा दोनदा बदलली, तरी रुक्सानाच्या सलवारीत मुंगी गेलीच. ती ओरडत उठली, अनिस हसला, मग त्यालाही चावली.

डबा संपल्यावर ती बोटं धुऊन आली.

"अजून अकरा महिने राहते," ती म्हणाली. "त्याच्या पुढचं तेव्हा बघू. अम्मीला मी समजावते. पण करारावर नाव दोघांचं पाहिजे. आणि ओव्हरटाइम म्हणाल तेव्हा ओव्हरटाइमच असला पाहिजे."

अनिसनं मान डोलावली. डिकीतून मोबाइल काढून त्यानं तिथूनच बंटीला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर झोपेतला आवाज आला.

"भावा, गुरुवारी दुपारी कोण फोन करतं?"

"रिन्यू करायचं आहे. दोघांच्या नावावर."

"दोघांच्या? बरं. वहिनींचं आधार कार्ड पाठव. सोमवारी करून टाकू."

रुक्सानानं हात पुढे करून मोबाइल मागून घेतला.

"बंटीभाऊ, मी बोलतेय. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी नाही, डास येतात. मालकाला सांगा, आधी जाळी बसवून द्या, मग मी सही करीन. आणि जाळी चांगल्यातली पाहिजे, ती प्लॅस्टिकची नको."